बेकिंग पावडरची कुळकथा

पाव आणि केक ही दोन्ही एकाच भट्टीची अपत्ये असली, तरी आपल्या घरांत केकला जो सहज प्रवेश मिळाला, तो पावाला आजतागायत मिळालेला नाही. मुलाच्या वाढदिवसाला घरची गृहिणी शंभर कामांच्या गर्दीतही केक भाजून मोकळी होते, पण न्याहारीचा पाव मात्र कोपऱ्यावरच्या बेकरीतूनच आणविते. या पंक्तिप्रपंचाचे कारण चवीत किंवा खर्चात शोधू गेल्यास ते हाती लागत नाही, कारण ते वेळेच्या जमाखर्चात आहे. पावाचे पीठ फुगविणारे यीस्ट हे सजीव असल्यामुळे ते हवामान पाहून, आपल्या मर्जीने आणि आपल्याच मुदतीत काम करते. केक फुगविणारी पांढरी पूड मात्र निर्जीव असून हुकमाची ताबेदार आहे. ती ओली होताच कामाला लागते आणि तासाभरात हिशेब चुकता करते. या पुडीचा जन्म झाला नसता, तर केक हा पदार्थ श्रीमंतांच्या मुदपाकखान्यातच अडकून पडला असता.

युरोपातही घरोघरी भट्टी होती, हा आपल्याकडील समज फारसा खरा नाही. भट्टी बांधावयाची म्हणजे वीट, माती, जागा आणि मुबलक सरपण पाहिजे, आणि इतके वैभव सामान्य रयतेच्या घरी कोठून असणार? फ्रान्समध्ये तर गावची भट्टी जमीनदाराच्या मालकीची असे. रयतेने आपले पीठ तेथेच भाजून घ्यावे आणि त्याबद्दल ठरलेला कर द्यावा, अशी सक्तीची वहिवाट कित्येक शतके चालली, व अखेर राज्यक्रांतीच्या वावटळीत तिचा निकाल लागला. इंग्लंडात अशी सक्ती नव्हती, पण गरिबी होती. डिकन्सच्या ‘ए ख्रिसमस कॅरल’मध्ये नाताळच्या दिवशी गोरगरीब लोक आपापली जेवणे भाजून घेण्यासाठी बेकऱ्यांकडे घेऊन जाताना दिसतात, ते याच कारणाने. ते पुस्तक 1843 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. ते साल वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण आपल्या कथेला त्याची पुन्हा गरज लागणार आहे.

केक त्या काळी फुगे तो यीस्टच्या बळावर किंवा अंड्यांच्या. अंडी फेटताना त्यांत हवा कोंडली जाते आणि भट्टीतील उष्णतेने ती प्रसरण पावते, एवढेच त्यामागचे शास्त्र. परंतु ते अंमलात आणणाऱ्या मनगटाची कथा निराळी आहे. 1747 साली प्रसिद्ध झालेल्या हॅना ग्लास या बाईंच्या पाकग्रंथात पौंड केकचे मिश्रण तासभर फेटावे, असे फर्मानच आहे. मैदा, लोणी आणि साखर प्रत्येकी एक पौंड, असे ते सोपे प्रमाण; पण त्या तासाचा मालक कोण, हे ग्रंथात सांगण्याची जरूर नव्हती. जिच्या घरी मोलकरीण, तिच्या घरी केक.

या गुलामगिरीतून सुटण्याची पहिली वाट अमेरिकेत, आणि तीही चुलीच्या राखेतून निघाली. लाकडाच्या राखेपासून काढलेला शुद्ध क्षार आंबट पदार्थाच्या संगतीत वायू सोडतो, हे तेथील बायकांच्या अनुभवास आले होते. 1796 साली अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकात तो छापील स्वरूपात अवतरला. पुढे राखेची जागा खाण्याच्या सोड्याने घेतली, आणि 1846 मध्ये न्यूयॉर्क येथे ड्वाइट आणि चर्च या दोघा मेहुण्यांनी सोडा पुड्यांत बांधून विकण्याचा धंदा मांडला. अडचण एकच होती. सोड्याला जोडीदार म्हणून आंबट ताक घालावे, तर ताकाचा आंबटपणा रोज वेगळा. तो कमी पडला की सोडा उरतो व केकला साबणासारखी चव येते. आपल्या घरच्या ढोकळ्याची हीच दुर्दशा ज्यांनी भोगली असेल, त्यांना याहून अधिक सांगणे नलगे.

तेव्हा आम्ल आणि सोडा ही जोडी कोरड्या पुडीच्या रूपाने एकाच डब्यात बंद करावी, ही युक्ती बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नामक औषधविक्रेत्याने लढविली. त्याच्या पत्नीस यीस्टही सोसत नसे आणि अंडीही. अंड्यांवाचून होणारे कस्टर्ड त्याने 1837 मध्ये सिद्ध केले होतेच, आणि 1843 मध्ये, म्हणजे डिकन्सचे गरीब लोक बेकरीची वाट चालत होते त्याच साली, त्याने यीस्टवाचून पाव फुगविणारी पूड तयार केली. सोडा आणि टार्टारिक आम्ल यांच्या जोडीला त्याने स्टार्च घातला; तो हवेतील ओल आपण शोषून घेतो व दोघांना अकाली एकमेकांस भेटू देत नाही. एका आजारी स्त्रीच्या पथ्यासाठी केलेली ही तजवीज लक्षावधी निरोगी घरांच्या उपयोगी पडावी, हा योगायोग मोठा हृद्य आहे. दोनच वर्षांनी ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स या बेकरीवाल्याने ही सामग्री मैद्यातच मिसळून ‘आपोआप फुगणाऱ्या पिठा’चे पेटंट घेतले.

या पुडीतील आम्लासाठी लागणारे टार्टारचे क्षार मिळत ते द्राक्षासवाच्या पिंपांत बसलेल्या साक्यातून, म्हणजे अमेरिकेला ते फ्रान्स व इटलीतून विकत आणावे लागत. हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी त्यास स्वस्त पर्याय काढला, आणि 1856 मध्ये त्याचे पेटंट घेतले. हा पर्याय म्हणजे हाडे जाळून, त्यांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून मिळविलेले कॅल्शियमचे आम्ल फॉस्फेट होय. (पुढे हे फॉस्फेट खनिज खडकांतून काढू लागले; परंतु प्रारंभीच्या त्या अस्थिपुराणाची वार्ता आपल्या सोवळ्या स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचली नाही, हे केकचे भाग्यच म्हणावे.) हॉर्सफर्ड ज्या अध्यासनावर होते, ते काउंट रम्फर्डच्या देणगीतून स्थापन झालेले होते, म्हणून त्यांनी आपल्या कारखान्यासही रम्फर्डचेच नाव दिले. हा रम्फर्ड म्हणजे उष्णतेच्या अभ्यासाने विख्यात झालेला तोच शास्त्रज्ञ, ज्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस उघड्या जाळापुढे मांस भाजणाऱ्या युरोपला बंदिस्त चूल आणि ओव्हन यांची शास्त्रीय रचना शिकविली. घरगुती भट्टी आणि घरगुती पूड ही दोन्ही अशा रीतीने एकाच नावाच्या छत्राखाली आली.

पूड लोकप्रिय झाली, त्याबरोबर तिच्यावरून खटलेही झाले. टार्टारहून स्वस्त म्हणून काही कारखानदारांनी तुरटीच्या जातीचे क्षार वापरावयास आरंभ केला; या क्षारांचा विशेष असा की, ते थंड मिश्रणात स्वस्थ राहून भट्टीतील उष्णतेने जागे होतात. आधी ओलीने आणि मग उष्णतेने, असा दोनदा वायू सोडणाऱ्या ज्या पुडी आज मिळतात, त्यांपैकी पुष्कळांत हीच योजना असते. टार्टारवाल्या बड्या कंपनीस ही स्पर्धा सोसवेना. तुरटी विषारी आहे, अशी आरोळी उठविण्यात आली, आणि 1899 मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्याने तुरटीयुक्त पुडीच्या विक्रीस बंदी केली. पुढे या कायद्यामागे लाचेची थैली असल्याचे उघडकीस येऊन 1903 मध्ये त्या राज्याचे उपराज्यपाल जॉन ली यांस पदत्याग करावा लागला. चमचाभर पुडीसाठी कायदेमंडळ विकत घेण्याइतका पैसा एखाद्या धंद्यात असावा, यावरूनच ती किती स्वयंपाकघरांत पोहोचली होती याचा अदमास बांधता येतो.

आपल्याकडे खालून आणि वरून उष्णता देऊन भाजण्याची विद्या अगदीच अपरिचित नव्हती. कोकणात काकडी, तांदळाचा रवा, गूळ व खोबरे यांची तवसळी जाड बुडाच्या भांड्यात घालून, झाकणावर निखारे ठेवून भाजीत. गोव्यातील बेबिंकेचे थरही वरच्या निखाऱ्यांवरच एकामागून एक तांबूस होत. अडसर होता तो मनाचा. पाव हे परधर्माचे चिन्ह मानले जात असल्यामुळे 1849 साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्त्याने भाजलेला पाव खाऊन आपल्या सुधारकपणाची सनद मिळवावी लागे. आणि 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा जो प्रसंग घडला, त्याने रानडे आणि टिळक या दोघांनाही ग्रामण्याच्या, म्हणजे जातिबहिष्काराच्या, फेऱ्यात ओढले व प्रायश्चित्ताची पाळी आणली. ज्या समाजात एका बिस्किटावरून शंकराचार्यांपर्यंत फिर्याद जाते, तेथे घरात केक भाजण्याचा विचार कोणी करावा?

सोवळे सैल झाले तरी भट्टी बाहेरचीच राहिली. दिवाळीच्या सुमारास मैदा, तूप व पिठीसाखर घेऊन बेकरीत जावे, पत्रे भाड्याने घ्यावेत, आपला नंबर लागेपर्यंत पीठ मळीत बसावे आणि नानकटाईचे डबे भरून संध्याकाळी परतावे, ही वहिवाट मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाने कित्येक वर्षे पाळली. डिकन्सच्या लंडनकरांशी आपले एवढे नाते. मग विजेचा, काचेची खिडकी असलेला, अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, आणि ज्यांना तो परवडला नाही त्यांनी प्रेशर कुकरमध्ये वाळू घालून, शिटी व रबरी कडी काढून ठेवून त्यातच केक भाजला. वाळू उष्णता सावकाश आणि सर्व बाजूंनी सारखी पोहोचविते, हे त्या गृहिणींना कोणत्याही प्राध्यापकाने सांगितलेले नव्हते. अंड्याचा विटाळ मानणाऱ्या घरांत दही किंवा डब्यातील घट्ट गोड दूध अंड्याच्या जागी बसले. माझ्या मते रम्फर्डच्या ओव्हनपेक्षा या वाळूच्या कुकराची योग्यता रतिभरही उणी नाही; फक्त त्याचे पेटंट कोणी घेतले नाही.

पावाने मधल्या काळात स्वस्थ बसू नये म्हणून शास्त्राने यीस्टलाही घाई करावयास शिकविले. फ्लाइशमन यांनी 1868 पासून सिनसिनाटीत दाबलेल्या यीस्टच्या वड्या विकल्या, दुसऱ्या महायुद्धात थंडाव्यावाचून टिकणारे कोरडे यीस्ट निघाले, आणि पुढे थेट पिठात मिसळता येणारे दाणेही आले. 2020 च्या टाळेबंदीत, घरी बसलेल्या लोकांजवळ वेळच वेळ होता तेव्हा, घरोघरी पाव भाजले गेले व दुकानांतले यीस्ट संपले. लोक कामावर परतताच बहुतेक घरांतला पाव पुन्हा बेकरीकडे गेला.

पूड घरात राहिली, पण तिच्याविषयीचे अज्ञानही राहिले. सोडा आणि बेकिंग पावडर ही एकच वस्तू समजून अदलाबदल करू नये; सोडा सुमारे तिप्पट तीव्र असून त्यास आम्लाची सोबत लागते. डब्याचे झाकण घट्ट लावावे, त्यात ओला चमचा घालू नये, आणि पूड जुनी वाटल्यास अर्धा चमचा कढत पाण्यात टाकून पाहावी. तत्काळ फेस न आल्यास खुशाल फेकून द्यावी व केक बिघडण्याआधी नवी आणवावी.