गोदीतल्या माणसांचा इतिहास

जहाजाच्या इतिहासात मालकाचे नाव असते, अभियंत्याचे असते. तापल्या लोखंडावर घण घालणाऱ्याचे नसते. कोपनहेगनच्या ‘बर्माइस्टर अँड वेन’ या गोदीचा इतिहासही असाच सांगितला जातो. म्हणून तो दुसऱ्या बाजूने वाचला पाहिजे.

१८४३ साली बाउमगार्टेन याने कोपनहेगनात यंत्रांचा कारखाना काढला. पुढे बर्माइस्टर आणि १८६५ मध्ये इंग्रज अभियंता वेन भागीदार झाले. रेफशालेओएन बेटावर जहाजबांधणी उभी राहिली. १८९८ मध्ये कंपनीने डिझेल इंजिनाचे हक्क घेतले आणि १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डिझेलवर चालणारे मोठे जहाज बँकॉकच्या सफरीवर निघाले. त्याला धुराडे नव्हते. भट्टीत कोळसा लोटणारा आगवालाही नव्हता. ब्रिटिश आगबोटींवर हे जीवघेणे काम हिंदी खलाशीही करीत. यंत्राने त्यांचे कष्ट संपवले तसेच त्यांची भाकरीही हिरावली. प्रगतीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

१९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला. कारखाना जर्मनांसाठी इंजिने बनवीत होता, म्हणून २७ जानेवारी १९४३ रोजी ब्रिटिश विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. त्यात आसपासचे नागरिकही मेले. मालाची मागणी वरून आली होती. आग मात्र वस्तीवर पडली.

परंतु कामगार केवळ भोगणारा नसतो. जून १९४४ मध्ये जर्मनांनी रात्री आठपासून संचारबंदी लादली. २६ जूनला या कारखान्याचे कामगार दुपारीच बाहेर पडले. ‘आम्ही संप करीत नाही, संध्याकाळी बंदी असल्याने बागेतल्या भाज्यांची निगा आत्ताच राखायला हवी,’ असे त्यांचे म्हणणे. या साध्या कारणातून शहरभर सार्वत्रिक संप पेटला. जर्मनांनी पाणी, गॅस, वीज तोडली. सुमारे शंभर माणसे मारली गेली. तरीही अखेर व्यापणाऱ्यांनाच काही पावले मागे घ्यावी लागली.

१९९६ मध्ये गोदीचे दिवाळे निघाले. २०१४ मध्ये तिच्याच एका प्रचंड शेडमध्ये युरोव्हिजनची गाण्यांची स्पर्धा भरली. उत्सवाला आमचा विरोध नाही. पण त्या छपराखाली दिवे लागले तेव्हा भाजीच्या निमित्ताने साम्राज्याला नकार देणारी माणसे कोणाला आठवली? इमारत जतन करणे सोपे असते. नकार जतन करायला मात्र तो देणाऱ्यांचाच इतिहास लिहावा लागतो.