संदेश गेला, नोंद राहिली

१६ जानेवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेत नीरव मोदीशी संबंधित हिरे कंपन्यांची माणसं आयातीची कागदपत्रं घेऊन आली. परदेशातल्या पुरवठादारांचे पैसे भागवायचे होते, त्यासाठी बँकेनं हमीपत्र द्यावं अशी मागणी होती. बँकांच्या बोलीत याला एलओयू म्हणतात. मंजूर कर्जमर्यादा नसल्यामुळे अधिकाऱ्यानं शंभर टक्के रोख मार्जिन मागितलं. उत्तर आलं, की आजवर आम्ही असं मार्जिन कधी दिलेलंच नाही. मग जुन्या नोंदी उघडून पाहिल्या, तर आधीच्या एकाही हमीपत्राचा बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत मागमूस नव्हता.

पहिल्या तक्रारीत ८ एलओयू आणि सुमारे २८० कोटी रुपये होते. १४ फेब्रुवारीला शेअर बाजाराला कळवलेला आकडा १.७७ अब्ज डॉलरचा, म्हणजे ११,४०० कोटींच्या घरातला होता, आणि पुढे तो १३ हजार कोटींच्या वर गेला. कोण दोषी, हे न्यायालयं ठरवतील. वर्तमानपत्रांनी हिरे, पार्ट्या आणि विमानतळ यांवर पुष्कळ लिहिलं. मी आयुष्यभर बँकेच्या परकीय चलन विभागात बसलेला माणूस, त्यामुळे मला त्या प्रकरणातली सगळ्यात कंटाळवाणी गोष्टच सगळ्यात महत्त्वाची वाटते. संदेश पाठवणारं यंत्र आणि हिशेब ठेवणारं यंत्र यांच्यामध्ये तारच नव्हती.

ती का नव्हती, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

दूरच्या गावी पैसे द्यायचे, तर दोन गोष्टी लागतात. ‘इतके द्या’ असं सांगणारा कागद आणि तो सांगितल्याची आपल्या वहीतली नोंद. हुंडीच्या काळात दोन्ही कामं एकाच गादीवर, बहुधा एकाच मुनीमजींच्या हातून होत. हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ लिहून देण्याची सोय होती, आणि ती शक्य होती कारण मूळ हुंडी वहीत चढलेली असे.

मी १९८६ साली नोकरीला लागलो तेव्हा परदेशी निरोप टेलेक्सनं जात. निरोप खरा आहे हे समोरच्या बँकेला कळावं म्हणून त्यावर ‘टेस्ट’ घालायची. रक्कम, चलन, तारीख यांना संकेतपुस्तिकेतले आकडे लावून एक बेरीज काढायची आणि ती संदेशात लिहायची. पुस्तिका तिजोरीत असे. टेलेक्सची प्रत व्हाउचरला टाचल्याशिवाय दिवस बंद होत नसे. हे फार कार्यक्षम होतं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी सातला प्रत सापडत नाही म्हणून सगळा विभाग टेबलांखाली शोधताना मी पाहिला आहे. पण ती टाचणी म्हणजेच जोडणी होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

स्विफ्ट ही १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली बँकांची सहकारी संस्था. १५ देशांतल्या २३९ बँका त्यात होत्या, आणि १९७७ पासून तिचं संदेशजाळं चालू झालं. भारतात ते १९९१ मध्ये आलं. शाखांमधलं संगणकीकरण मात्र वेगळ्याच वाटेनं चाललं होतं. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर खतावणीची यंत्रं आली, त्यांवर कामगार संघटनांशी करार झाले, मोर्चे निघाले. सगळ्या शाखांचा हिशेब एका जागी ठेवणारी कोअर बँकिंग प्रणाली सरकारी बँकांत खऱ्या अर्थानं रुजली ती २००० नंतर. म्हणजे निरोपाचं यंत्र आधी आलं आणि वहीचं यंत्र नंतर, दोन्ही वेगळ्या विक्रेत्यांकडून, बहुतेक ठिकाणी वेगळ्या खात्यांच्या मागणीवरून. आमच्याकडे स्विफ्टचा संगणक काचेच्या कुलूपबंद खोलीत होता, पासवर्ड दोन अधिकाऱ्यांत वाटलेले. ती खोली कशालाही जोडलेली नाही याचा आम्हांला अभिमान होता, कारण चोर बाहेरून येतो असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये तो खरोखर बाहेरून आला. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या प्रणालीत शिरून चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ आदेश धाडले, एकूण ९५.१ कोटी डॉलरचे. ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्सला गेले. श्रीलंकेला निघालेले २ कोटी ‘फाउंडेशन’ शब्दाच्या चुकीच्या स्पेलिंगमुळे अडकले. ढाक्यात ज्या छपाईयंत्रावर संदेशांच्या प्रती आपोआप निघत, ते चोरांनी आधीच बंद पाडलं होतं. देखरेखीची सगळी मदार एका प्रिंटरवर होती, आणि प्रिंटर बिघडणं ही कुठल्याही कचेरीतली इतकी रोजची बाब, की कुणाला लगेच संशय आला नाही. त्याच वर्षी युनियन बँक ऑफ इंडियाच्या खात्यातून १७ कोटी डॉलर जाता जाता वाचले, तेही परदेशी खात्याचा मेळ बसेना म्हणून.

ऑगस्ट २०१६ पासून रिझर्व्ह बँकेनं स्विफ्टच्या संभाव्य गैरवापराबद्दल बँकांना निदान तीनदा गोपनीय इशारा दिला होता, असं तिनंच पुढे २० फेब्रुवारी २०१८ च्या निवेदनात सांगितलं. ब्रॅडी हाउसमध्ये काय चाललं असावं हे त्या इशाऱ्यांच्या प्रकाशात वाचलं की अंगावर काटा येतो. आरोपांनुसार हमीपत्राचा संदेश स्विफ्टवरून परदेशातल्या भारतीय बँकांच्या शाखांना जाई. त्या शाखा पंजाब नॅशनल बँकेच्या नॉस्ट्रो खात्यात, म्हणजे परदेशी बँकेत असलेल्या तिच्या खात्यात, पैसे भरत आणि तिथून ते पुढे जात. मुदत संपली की नवं हमीपत्र काढून जुनं फेडायचं. हिऱ्यांसाठी अशा उधारीची मर्यादा ९० दिवसांची असताना ही पत्रं वर्षभराची होती, असं तपासात पुढे आलं. माझ्या समजुतीप्रमाणे यातली खुबी अशी, की पैसे आले आणि तेवढेच गेले तर नॉस्ट्रोच्या मेळात काही उरत नाही. बँकेच्या डोक्यावर चढलेली जबाबदारी तेवढी कुठेच दिसत नाही.

मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेनं एलओयूवर बंदीच घातली. स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडायला ३० एप्रिल २०१८ ही मुदत होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मला आमच्या बँकेच्या जोडणीच्या गटात टाकलं. गटात बाकीची मुलं तिशीच्या आतली. ती मला काका म्हणत आणि ‘टेस्ट’ म्हणजे काय ते विचारत.

ऐकायला काम सोपं होतं. आधी हिशेबात नोंद व्हायची, तिच्यातूनच संदेश आपोआप तयार व्हायचा, स्विफ्टच्या खोलीत बसून नवा संदेश टंकण्याची सोय काढून टाकायची. साध्या पैसे पाठवण्याच्या संदेशांना, म्हणजे एमटी १०३ ला, हे लवकर जमलं. मग अडथळे सुरू झाले. संदेशाच्या विसाव्या रकान्यात संदर्भ क्रमांक असतो आणि त्यात १६ च अक्षरं मावतात. आमच्या प्रणालीचा व्यवहार क्रमांक त्याहून लांब. शेपूट कापली तर दोन वेगळे व्यवहार सारखे दिसत, डोकं कापलं तर शाखा कळत नसे. चार दिवस त्यावर वाद झाला. शेवटी शाखेचा आकडा, वर्ष आणि अनुक्रम मिळून नवीन क्रमांक बनवला, आणि रोज रात्री गेलेल्या संदेशांची यादी नोंदींशी याच क्रमांकावर जुळवली जाईल असं ठरलं. न जुळलेला संदेश सकाळी थेट मुख्य कार्यालयात दिसायचा, शाखेला तो आधी मिटवता येणार नाही अशा बेतानं.

खरी डोकेदुखी होती एमटी ७९९. हा मोकळा संदेश. पन्नास अक्षरांच्या पस्तीस ओळी, त्यांत काहीही लिहा. ब्रॅडी हाउसच्या प्रकरणात याच प्रकाराचे संदेश वापरल्याचं सांगितलं गेलं. नेहमी तो ‘तुमचं पत्र मिळालं, उत्तर लवकर देतो’ इतक्याच कामाला येतो, म्हणजे त्याच्यामागे हिशेबाची नोंद नसणं हेच रास्त असतं. मग जोडायचं कशाला? आमच्यातल्या एका मुलीनं हा प्रश्न विचारला तेव्हा विक्रेत्याचे लोकही गप्प झाले. त्यावर निघालेला तोडगा अर्धवटच होता. कुठलीही हमी आधी संभाव्य देणं म्हणून हिशेबात चढल्याशिवाय तिचा संदेश निघू नये, आणि मोकळे संदेश शाखांकडून काढून एका मध्यवर्ती कक्षाकडे द्यावेत. तिथे माणसानंच ते वाचायचे. म्हणजे स्वयंचलित देखरेखीच्या अगदी मध्यभागी चष्मा लावून बसलेला एक अधिकारी उरलाच, आणि तसा तो उरावा असंच माझं मत होतं.

सगळ्या बँकांना हे वेळेत जमलं नाही. मार्च २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्विफ्टविषयक सूचना न पाळल्याबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड केला. त्यात पंजाब नॅशनल बँकेच्या वाट्याला २ कोटी आले. घोटाळ्याच्या रकमेपुढे हा आकडा ठेवून लोक हसले, पण तो दंड घोटाळ्याचा नव्हता, न जोडलेल्या तारेचा होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना २४ तारखेला कळलं, की खात्यातून तूर्त एक हजार रुपयेच निघतील. एचडीआयएल गटाची ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ खोटी खाती दाखवल्याचा आरोप पुढे आला. ती खाती बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत उघडलेलीच नव्हती. रिझर्व्ह बँकेला द्यायच्या कर्जांच्या तक्त्यात तेवढी लिहिली होती. बँकेच्या मूळ प्रणालीतून माहिती मानवी हात न लागता थेट रिझर्व्ह बँकेकडे यावी, हा विचार तिनं २०१० च्या नोव्हेंबरमध्ये बँकांपुढे मांडलेला होता. ५ कोटींवरच्या कर्जांची केंद्रीय नोंद २०१४ पासून होत होती, पण नागरी सहकारी बँका तिच्या बाहेर होत्या. ५०० कोटींहून अधिक मालमत्तेच्या सहकारी बँकांना तिच्यात आणणारं परिपत्रक निघालं २७ डिसेंबर २०१९ ला. तोवर पीएमसीच्या ठेवीदारांना रांगेत उभं राहून तीन महिने झाले होते.