पांढऱ्या भुकटीचा धडा

नागपुराहून अमरावतीच्या रस्त्यानें निघालें म्हणजे वाडी हें गांव लागतें. तेथें एकाच आवारांत दोन संस्था कांहीं वर्षें शेजारधर्मानें नांदल्या. एक १९८९ सालीं स्थापन झालेली जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन संस्था. दुसरी राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्था. एकीचें लक्ष धातूकडे, तर दुसरीचें खनिज खणणाऱ्या माणसाच्या छातीकडे. हीं दोन लक्षें एकमेकांस पारखीं झालीं म्हणजे काय घडतें, ह्याची साक्ष कॅनडाच्या इतिहासांत नमूद आहे.

बॉक्साइट ह्या बहुधा तांबूस असणाऱ्या खनिजापासून जी शुभ्र भुकटी काढितात, ती अ‍ॅल्युमिना. सुमारें दोन टन भुकटीपासून एक टन धातु मिळतो. ती पेट घेत नाहीं, पाण्यांत विरघळत नाहीं; म्हणून ती निरुपद्रवी, असा समज दीर्घकाळ रूढ होता.

ह्या समजाचा कळस ऑंटेरियो प्रांतांतील टिमिन्स येथें झाला. तेथील सोन्याच्या खाणींत सिलिकाच्या धुळीनें कामगारांचीं फुप्फुसें निकामी होत. डेनी, रॉब्सन व आयर्विन ह्यांनीं सशांवर प्रयोग करून १९३७ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीनें हा विकार टळतो. पुढें १९४३ पासून मॅकिन्टायर खाणीच्या नांवानें ओळखली जाणारी भुकटी कामगारांना देण्यांत येऊं लागली. कपडे बदलण्याच्या खोलीचीं दारें लावीत, भुकटी हवेंत सोडीत, आणि कामगार सुमारें दहा मिनिटें ती श्वासावाटे घेत. तींत सुमारें १५ टक्के धातु व ८५ टक्के अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असे. म्हणजे एका धुळीवर उतारा म्हणून दुसरी धूळ!

१९४७ सालीं त्याच प्रांतांत शेव्हर व रिडेल ह्यांनीं बॉक्साइट वितळविणाऱ्या भट्ट्यांवरील कामगारांचा फुप्फुसविकार नोंदिला. त्या धुरांत सिलिकाहि असल्यानें दोष कोणाचा, हा वाद राहिला. इकडे भुकटीचा क्रम १९७९ पर्यंत चालला. पुढें एका खाणकामगाराच्या मुलीनें, पित्यास कंपवात जडल्यावर, जुन्या कामगारांच्या हकीकती जमविल्या. २०२० च्या अभ्यासांत भुकटी घेतलेल्यांत कंपवाताचें प्रमाण अधिक आढळलें; २०२२ सालीं प्रांतिक सरकारनें तो व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला.

ह्यावरून अ‍ॅल्युमिनाचें प्रत्येक पोतें विषारी ठरत नाहीं. टिमिन्स येथें अतिसूक्ष्म भुकटी मुद्दाम, वर्षानुवर्षें दिली गेली होती. परंतु सावधगिरीचा मार्ग त्यांतून स्पष्ट होतो. अमेरिकेच्या नियमानें एका घनमीटर हवेंत ही धूळ एकूण १५ मिलिग्रॅम व फुप्फुसांत खोल जाणारी ५ मिलिग्रॅम ह्यांहून अधिक नसावी. पोतें रिकामें होतें तेथेंच धूळ शोषून घ्यावी; सांडलेली भुकटी कोरड्या झाडूनें झाडूं नये, कपडे दाबाच्या हवेनें झटकूं नयेत. मुखावरण हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. निव्वळ धातूची भुकटी मात्र स्फोटक असते. तिचे नियम निराळे.

२०१९ सालीं वाडीची आरोग्यसंस्था अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेंत विलीन झाली. त्या शेजाराचा अर्थ मात्र टिकून आहे. जिचा दोष सिद्ध नाहीं ती धूळ निर्दोष, हें गणित टिमिन्स येथें चुकलें, आणि तें दुरुस्त होण्यास जवळजवळ ऐंशीं वर्षें लागलीं.