‘आपण’ म्हणजे नेमकं कोण?

मे २०२५. भारत-पाकिस्तान संघर्षाची ती रात्र. मी दौंडमधून एका लहानशा न्यूज पोर्टलसाठी बातम्या लिहितो. टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं ओरडून सांगत होते. मी मोबाईलवर हेडिंग टाइप केलं : ‘आपण कराची बंदर उडवलं!’ सकाळपर्यंत बातमी खोटी ठरली. मी ती गुपचूप काढली.

वडील एसआरपीतून निवृत्त झालेले. चहा पिता पिता म्हणाले, “बंदराचं राहू दे. ‘आपण’ म्हणजे कोण रे? तू तर पंख्याखाली बसला होतास.”

हसू आलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. म्हणजे ‘आपण उडवलं’ असं लिहिताना मी वाचकाला न विचारता फौजेत भरती करून टाकलं होतं. आता त्याने ‘खरंच का?’ विचारलं, तर तो स्वतःवरच शंका घेणार!

याचं जुनं उदाहरण आमच्याच नदीवर आहे. दौंडहून भीमेच्या वरच्या अंगाला गेलं की शिरूर तालुक्यातलं कोरेगाव भीमा लागतं. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन शिरूरच्या, म्हणजे आपल्या घोडनदीच्या, छावणीतून पुण्याच्या मदतीला निघाला. सोबत सुमारे ८०० माणसं आणि दोन तोफा. सकाळी समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज दिसली. इंग्रजी नोंदींत तिचा आकडा २८ हजारांच्या घरात जातो. पण प्रत्यक्ष गावावर चालून गेल्या त्या पायदळाच्या तीन तुकड्या, प्रत्येकी तीनशे ते सहाशे जणांच्या. दोन्ही आकडे एकाच लढाईचे. बातमीत कुठला घ्यायचा, हे ‘आम्ही’ कोण आहोत यावर ठरतं.

रात्रीपर्यंत लढाई चालली. कंपनीचे २७५ जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. मागून जनरल स्मिथ येत होता, म्हणून पेशव्यांची फौज साताऱ्याकडे निघाली. स्टॉन्टनही पुण्याला पोचला नाही. तो शिरूरला परतला.

मी याच मजकुराची हेडिंगं करून पाहिली. ‘आम्ही गाव राखलं, बाजीराव पळाला.’ ‘आम्ही त्यांना पुण्याला जाऊ दिलं नाही, श्रीमंत पुढच्या मोहिमेला निघाले.’ दोन्हींत घटना तीच. बदललं ते सर्वनाम आणि आदर. मराठीत शत्रू एकेरीत ‘पळतो’, आपले लोक आदरार्थी ‘कूच करतात’. शाळेत आपण ‘पळपुटा बाजीराव’ म्हणायला शिकलो, तेव्हाच कुणाच्या तरी बाजूला जाऊन बसलो होतो.

आणि बाजू तरी कुठे सरळ होत्या? कंपनीच्या पलटणीत महार होते, मराठे, राजपूत, मुसलमान आणि ज्यूही होते. पेशव्यांच्या बाजूने अरब, गोसावी आणि मराठे. कंपनीने ‘आमचा विजय’ म्हणून स्तंभ उभारला. त्यावर पडलेल्या ४९ सैनिकांची नावं आहेत, त्यातली २२ नावं ‘नाक’ने संपणारी, महार सैनिकांची. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. कंपनीने स्वतःच्या गौरवासाठी कोरलेला दगड वाचताना लोकांनी ‘त्यांचा विजय’ऐवजी ‘आमची माणसं’ वाचलं. अक्षरं तीच राहिली, ‘आम्ही’ बदलला. ज्यांना गावाच्या ‘आपण’मध्ये कधी घेतलंच नव्हतं, त्यांनी स्वतःचा ‘आम्ही’ शोधला, यात मला खोटं काही दिसत नाही.

पण १ जानेवारी २०१८ ला याच परिसरात हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला. त्या दिवशी माझ्या मोबाईलवर आलेल्या मेसेजमध्ये गावांची नावं कमी आणि ‘आपल्यावर’, ‘त्यांनी’ जास्त होतं. ‘ते’ म्हणजे कोण, हे ज्याने त्याने आपापल्या मनाने भरून घेतलं. बातमीतलं मोकळं सर्वनाम असं धोकादायक असतं.

कुठल्याच बाजूचं नसणं मला जमेल असं वाटत नाही. माझा देश आहे, माझं गाव आहे. पण बातमीत आता मी नाव लिहितो : ‘भारतीय हवाई दलाने’, ‘पाकिस्तानी लष्कराच्या दाव्यानुसार’. कोणी केलं आणि कोण सांगतंय, हे दोन रकाने भरल्याशिवाय हेडिंग टाकत नाही. शत्रूलाही क्रियापद तेच, जे आपल्या माणसाला. ‘आपण’ ठेवतो ते पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाला आणि मतदानाला, जिथे वाचक खरोखर माझ्यासोबत असतो.

त्या रात्रीचं हेडिंग चार हजार जणांनी पाहिलं होतं. नंतर मी नावानिशी दुरुस्ती टाकली, ‘ही बातमी मी दिली होती, ती खोटी होती’. ती दोनशे जणांनीही उघडली नाही. या वाक्यात मात्र ‘आपण’ लिहायची सोय नव्हती.