एका फेरफटक्यात चौदाशे वर्षं

आपल्या बोरिवलीत बघण्यासारखं काय आहे, असं पाहुणे विचारतात तेव्हा आपण नॅशनल पार्क आणि कान्हेरीची लेणी सांगून मोकळे होतो. पण संध्याकाळी पायी फिरणाऱ्याला पश्चिमेलाच बराच इतिहास भेटतो.

एक्सर गावातले वीरगळ बघा. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचं दगडी स्मारक. ते खालून वर वाचायचं. खाली लढाई, वर वीराचा स्वर्गप्रवास. इथल्या दगडांवर मात्र चक्क वल्ह्यांची जहाजं कोरली आहेत, कारण लढाई समुद्रावरची आहे. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात 1265 च्या सुमारास झालेलं हे युद्ध असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचं यादवांचा मंत्री हेमाद्रीने लिहून ठेवलं आहे.

तिथून पुढे मंडपेश्वर. सहाव्या शतकाच्या सुमाराचं हे शैव लेणं. आत नटराजाचं शिल्प आहे. 1534 मध्ये साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, फ्रान्सिस्कन पाद्री आले आणि लेण्यातच चर्च झालं. डोक्यावर त्यांनी मठ बांधला, त्याचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. एका जुन्या शिल्पपटावर कोरलेला क्रूसही दिसतो. 1737-39 च्या चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली. आज लेण्यात शंकराची पूजा होते, आणि शेजारच्या आय. सी. कॉलनीच्या नावात इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च आहे. दोन्ही नावं शेजारी शेजारी नांदताहेत.

आणि लिंक रोडवर डोक्यावरून जाते ती मेट्रो. 2022 च्या गुढीपाडव्याला ती धावू लागली. खांबांची ती सरळ रांग, वर उजळलेली स्टेशनं. मला तरी संध्याकाळी ती देखणी वाटते. स्टेशनांची नावं कोणती? एक्सर आणि मंडपेश्वर! रोज हजारो लोक ती ऐकतात, पण त्यामागचं किती जणांना ठाऊक असेल?

नवं बांधकाम होणारच. आजूबाजूच्या बैठ्या चाळी गेल्या, टॉवर आले. आज पंचविशी साजरी करणारी आपली इमारतही एक दिवस पुनर्विकासाला जाईल. त्याचं दुःख करू नये. दगडसुद्धा हात बदलतात, हे मंडपेश्वर सांगतंच. पण काय होतं, कोणी बांधलं, हे सांगणारं कोणी उरलं नाही, तर मागे नुसतं नाव राहतं.

म्हणून समितीला एक विनंती. सोसायटीचे पहिले नकाशे, जुनी इतिवृत्तं, पायाभरणीचे फोटो एका कपाटात नीट जपून ठेवा. आणि आजी-आजोबांनो, एखाद्या रविवारी नातवंडांचं बोट धरून एक्सरपासून मंडपेश्वरपर्यंत चालत जा. वीरगळ खालून वर वाचायचा, एवढं त्यांना नक्की सांगा.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा!