मनातला हात

माणसाने मनातल्या मनात हात हलवावा आणि समोरचे यंत्र चालावे, असे सांगितले तर पारावरची मंडळी म्हणतील, ही तर जादू! पण ती जादू नव्हे. तिच्यामागे शंभर वर्षांचा अभ्यास आहे.

जर्मनीत येना येथे हान्स बर्गर नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडून मरता मरता वाचले. त्याच दिवशी घरून खुशालीची तार आली. दूर असलेल्या बहिणीच्या मनात पाल चुकचुकली होती! विचार असा दूरवर पोचतो काय, या प्रश्नाने त्यांना पछाडले. तो प्रश्न काही सुटला नाही. पण १९२४ साली त्यांना माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या सूक्ष्म लहरी टिपता आल्या. १९२९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसले की सेकंदाला सुमारे दहा लहरी उठत. डोळे उघडले किंवा मनात हिशेब मांडला की त्या मावळत.

पुढे १९५०नंतरच्या दशकात फ्रान्समधील आंरी गास्तो यांना डोक्याच्या मध्यभागी असाच एक ठेका आढळला. हात हलवला की तो मोडे. आणि नवल असे, की हात हलवण्याची नुसती कल्पना केली तरी मोडे! जत्रेच्या बाहेर उभे राहून एकेकाचे बोलणे कळत नाही, पण ढोल थांबला तर कळते ना? तसेच हे. यंत्र विचार वाचत नाही. ठेका मोडला एवढेच ओळखते.

१९७३ साली लॉस एंजेलिस येथील ज्याक विदाल यांनी मेंदू संगणकाला जोडण्याची कल्पना मांडली. १९८८ साली फारवेल आणि डोन्चिन यांनी पडद्यावर अक्षरांचे छत्तीस चौकोन मांडले. ओळी आळीपाळीने उजळत. हवे ते अक्षर उजळले की माणसाने मनात मोजायचे. लक्ष एकाग्र असले, की मेंदूत एक वेगळी लहर उठे. १९९१ साली अमेरिकेत ऑल्बनी येथे वोल्पॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहरींच्या बळावर पडद्यावरचा ठिपका खालीवर नेऊन दाखवला. १९९९ साली जर्मनीत सारे अंग लुळे पडलेल्या दोन रोग्यांनी एकेक अक्षर निवडून आपले म्हणणे लिहिले. ज्यांचे बोलणेच बंद झाले होते, त्यांना केवढा हा आधार!

पण हे एका दिवसात साधत नाही. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे २००५ साली एक गोष्ट दिसून आली. आपला हात हलताना नुसता डोळ्यांपुढे आणला, तर यंत्राला खूण नीट सापडत नाही. विहिरीतून पोहरा ओढताना तळव्याला दोर काचतो, मनगटाला ताण बसतो. ती जाणीव आतून अनुभवली, तर खूण अधिक स्पष्ट उमटते. त्यासाठी अंग सैल हवे, चित्त एका कामावर हवे. बरोबर की चूक, हे यंत्राने लगेच दाखवावे आणि सराव अनेक दिवस चालावा. इतके करूनही काहींना ते साधत नाही. तो त्यांच्या बुद्धीचा दोष मानू नये.

शिक्षक बंधुभगिनींना यात नवीन काय वाटणार? मूल पाटीवर अक्षर गिरवते, चुकते, पुसते, पुन्हा काढते. इथे हात बिछान्यावर निश्चल आहे, पण शिकणे तेच आहे. म्हणून अंथरुणाला खिळलेला माणूस बोलत नाही, हलत नाही, एवढ्यावरून त्याचे मनही थांबले असे कोणी समजू नये.