मोटारगाडीविषयीचे भावनिक आकर्षण

मोटारगाडीविषयीचे भावनिक आकर्षण म्हणजे गाडीच्या उपयुक्ततेपलीकडे तिचे रूप, आवाज, वेग आणि ती चालविण्याचा अनुभव यांबद्दल माणसाला वाटणारी ओढ होय. वाहतूक मानसशास्त्र, ग्राहक मानसशास्त्र आणि समाजशास्त्र या शाखांत तिचा अभ्यास केला जातो. ही ओढ केवळ हौशी मंडळींपुरती मर्यादित नाही. रोज कामावर जाण्यासाठी गाडी वापरणाऱ्यांच्या निवडीतही ती आढळते. मात्र ते ती सहसा बोलून दाखवत नाहीत.

पार्श्वभूमी

इटालियन कवी फिलिप्पो तोम्मासो मारिनेत्ती यांनी १९०९ साली ‘ल फिगारो’ या फ्रेंच दैनिकात प्रसिद्ध केलेल्या जाहीरनाम्यात शर्यतीच्या मोटारीला प्राचीन ग्रीक शिल्पाहून सुंदर ठरविले होते. विक्रीच्या व्यवहारात या आकर्षणाचा पद्धतशीर विचार मात्र अर्न्स्ट डिक्टर यांनी केला. व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेल्या डिक्टर यांनी १९३९ च्या सुमारास क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ गाडीसाठी ग्राहकांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. उघड्या टपाची गाडी पुरुषांना दालनात खेचून आणते, पण बहुतेक जण विकत घेतात ती बंदिस्त सेडान, असे त्यांना दिसले. उघडी गाडी हे तारुण्याचे दिवास्वप्न आहे, असा अर्थ त्यांनी लावला. या दोन गाड्यांना त्यांनी दिलेली प्रेयसी आणि पत्नी ही उपमा आज कालबाह्य वाटते. पाहण्याची गाडी आणि घेण्याची गाडी यांतील अंतराचे निरीक्षण मात्र टिकून आहे.

हेतूंविषयीचे संशोधन

नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठातील लिंडा स्टेग यांनी मोटारवापरामागील हेतूंचे तीन प्रकार मानले: साधनात्मक (वेळ, खर्च, सोय), प्रतीकात्मक (प्रतिष्ठा, स्वतःची ओळख) आणि भावनिक (आनंद, उत्तेजना). २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कामावर जाण्यासाठी होणाऱ्या मोटारवापराचा संबंध साधनात्मक हेतूंपेक्षा इतर दोन प्रकारच्या हेतूंशी अधिक दृढ असल्याचे आढळले.

त्याआधी, २००१ मध्ये, स्टेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविलेली बाब याहून बोलकी आहे. प्रश्नांचा रोख उघड असेल तर लोक सोयीची कारणे पुढे करतात. रोख झाकलेला असेल तर प्रतीकात्मक व भावनिक हेतू वर येतात. त्यामुळे ‘गाडी का वापरता?’ असे सरळ विचारणाऱ्या पाहणीवर वाहतुकीचे धोरण बेतणे धोक्याचे ठरते. बस वेगवान किंवा स्वस्त केल्याने सोयीचा प्रश्न सुटतो, पण गाडी सोडताना आणखी काय सोडावे लागते ते हिशेबात येत नाही.

इंद्रियानुभव

सरावलेला चालक अरुंद जागेतून गाडी नेताना तिची रुंदी मोजत नाही, ती त्याला जाणवते. रस्त्याचा खडबडीतपणा सुकाणूचक्रातून हाताला कळतो. हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या मेंदुतज्ज्ञांनी १९११ मध्ये मांडलेल्या शरीर-आराखड्याच्या कल्पनेने याचे स्पष्टीकरण देता येते: सवयीची वस्तू माणसाच्या शरीरजाणिवेत सामावून जाते. वस्तू ‘स्व’चाच विस्तार बनतात, हे रसेल बेल्क यांचे १९८८ मधील प्रतिपादनही याच दिशेचे आहे. गाडीला लागलेला ओरखडा मालकाला अंगावर आल्यासारखा का वाटतो, हे त्यावरून समजते.

गाडीच्या पुढच्या भागात माणसाला चेहरा दिसतो. व्हिएन्नातील संशोधकांच्या २००८ मधील अभ्यासात रुंद बांध्याच्या व बारीक दिव्यांच्या गाड्या लोकांना अधिक वर्चस्वशाली भासल्या. नव्या गाडीचा हवाहवासा वास हा प्रत्यक्षात प्लास्टिक, गोंद आणि आसनांच्या आवरणांतून बाहेर पडणाऱ्या बाष्पशील रसायनांचा असतो.

वेग आणि जोखीम

मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५९ मध्ये थराराचे तीन घटक सांगितले: धोक्याची जाणीव, त्याला स्वेच्छेने सामोरे जाणे आणि सर्व सुखरूप पार पडेल ही आशा. वेगाने गाडी चालविणाऱ्याच्या बाबतीत तिसरा घटकच घातक ठरतो, कारण सुखरूप पार पडलेली प्रत्येक फेरी ती आशा बळकट करते.

भारतातील संदर्भ

महाराष्ट्रात दसऱ्याला वाहनांना झेंडूचे हार घालून त्यांची पूजा केली जाते. हत्यारे-अवजारांच्या पूजेचाच हा विस्तार असला, तरी गाडी घरच्या माणसांत मोजली जाते हेही त्यात दिसते. प्रतीकात्मक हेतूचे ठळक उदाहरण म्हणजे टाटा नॅनो. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत सादर झालेली ही गाडी सुमारे एक लाख रुपयांच्या किमतीमुळे गाजली. तिच्या पीछेहाटीला कारखान्याचे स्थलांतर आणि आगीच्या घटना ही कारणेही होती. परंतु ‘सर्वांत स्वस्त गाडी’ ही ओळखच तिला नडली, असे रतन टाटा यांनी पुढे स्वतः मान्य केले. दुचाकीवरून चारचाकीकडे जाऊ पाहणाऱ्या कुटुंबांना छप्पर आणि चार आसने मिळत होती, पण त्यांना हवी असलेली प्रतिष्ठा त्या गाडीत नव्हती.